दाराकडची बाजू

बेल्डन काउंटी, १४ जानेवारी २०१९

प्रिय आर्डिथ,

तुझ्या नणंदेला शाळा मंडळाने कमिटीवर घेतलंय. हस, पोटभर हस, मग पुढचं वाच.

आपल्या काउंटीत नवी प्राथमिक शाळा उभी राहतेय हे तुला ठाऊक आहेच, हॅचर रोडच्या पूर्वेला, फॉक्स हॉलोच्या नव्या बंगल्यांच्या मागे. ऑगस्टमध्ये उघडेल. तोवर कुठल्या घरातलं पोर कुठल्या शाळेत जाणार, त्याच्या हद्दी आखायच्या आहेत. त्यासाठी बारा जणांची कमिटी. कुणीतरी म्हणालं, एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई घ्या, तिला प्रत्येक फाटक माहीत आहे. म्हणून मी.

आणि काहीतरी करायलाच हवं गं. ज्या पेल क्रीकच्या शाळेत तू बारा वर्षं स्वयंपाकघर सांभाळलंस, ती आता ओळखणार नाहीस. चारशे ऐंशी मुलांची शाळा, आज सहाशे एक्याण्णव बसतात. मागच्या मैदानावर अकरा ट्रेलर उभे केलेत, त्यांतच वर्ग भरतात. पाऊस आला की पोरं बाथरूमला जाताना भिजतात. चित्रकलेच्या बाईंना खोली नाही, बिचारी ढकलगाडीवर रंग घालून वर्गावर्गांत हिंडते. आणि जेवणाची पहिली पाळी, ऐक, सकाळी सव्वादहाला! तुझ्या राज्यात असं झालं असतं तर तू मुख्याध्यापकांना डावाने मारलं असतंस.

बैठका शाळेच्या लायब्ररीत होतात. सात वर्षांच्या पोरांच्या खुर्च्या. ब्रँटली ओक्स, तो बंगले विकणारा, सहा फुटी माणूस, गुडघे कानाला लावून बसतो आणि घरांच्या किमतींबद्दल बोलतो. गावात आताच दोन तट पडलेत. ज्यांना हलायचं नाही त्यांनी पिवळे शर्ट छापून घेतलेत, ज्यांना नवी शाळा हवी त्यांचे निळे. मी माझा जुना तपकिरी स्वेटर घालून जाते. दोन्हीकडचे लोक संशयाने बघतात.

तुझा लेक ग्रॅडी भेटला होता चर्चच्या जेवणात. बरा वाटला. म्हणाला, आत्या, कोंबड्यांच्या कारखान्यात आता दिवसपाळी मिळालीय. त्याच्या टॅन्सीने अंड्यांची अख्खी थाळी संपवली. दुसरीत गेली, पण दातांचा पत्ता नाही.

फोन कर म्हणू नकोस. एकतीस वर्षं मागे साठ पोरांचा कल्ला ऐकलेल्या बाईला फोन कानाला लावायचा कंटाळा येतो. पत्र लिही.

तुझी,
व्हर्ना


पोर्ट हार्लन, ऑरेगन, २६ जानेवारी

प्रिय व्हर्ना,

डावाने नाही, पातेल्याच्या झाकणाने मारलं असतं. डाव वाकतो.

सव्वादहाला जेवण! अगं, तेव्हा पोरांच्या पोटात सकाळचं दूध तरी खाली उतरलेलं असतं का? आणि मग अडीचपर्यंत उपाशी. हे वाचून मला रात्रभर... नाही, रात्रभर नाही, पण बराच वेळ झोप आली नाही.

इथे पाऊस. समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. लाइलशी दुसरं लग्न करून इथे आले, तो जाऊन येत्या मार्चमध्ये दोन वर्षं होतील. त्याचं हे घर त्याच्या माघारी मोठं झाल्यासारखं वाटतं. मी एकटीसाठी सूप करते आणि चार दिवस तेच खाते, चौथ्या दिवशी सूपही माझ्याकडे कंटाळून बघतं.

रविवारी टॅन्सीचा फोन येतो. ती ओरडते म्हणून मला नीट ऐकू येतं. बोलण्यात सगळं लूपे आणि लूपे. लूपे ही रस्त्यापलीकडची मैत्रीण, समोरच्या भाड्याच्या घरांच्या रांगेत राहते. लूपेला उलट्या हाताने कोलांटी येते, लूपेच्या आईच्या मक्याच्या पोळ्या जगात भारी. माझ्या बटाट्याच्या भाजीला बाई कधी असं म्हणाल्या नाहीत. मी हसून घेते. तिची आई घर सोडून गेली तेव्हापासून पोरीला कुणीतरी हवंच होतं म्हणा.

तू नकाशे काढ. आपल्या घराण्यात रस्ता चुकला नाही असं एकच माणूस आहे, ते म्हणजे तू. माझ्या ड्युईला स्वतःच्या घरामागचा तलाव सापडायचा नाही, आणि तू त्याची सख्खी बहीण.

प्रेमाने,
आर्डिथ


बेल्डन काउंटी, २३ फेब्रुवारी

प्रिय आर्डिथ,

जमलं! तीन आठवडे बारा माणसं भांडत होती, आणि शेवटी रेघ माझी मान्य झाली. जरा मिरवू दे मला.

झालं काय, प्रत्येकाची रेघ कुठेतरी वाकडी जायची. ओक्सची रेघ बरोब्बर त्याच्या गिऱ्हाइकांच्या अंगणाला वळसा घालायची. निळ्या शर्टातली एक बाई उठून त्याला म्हणाली, "तुम्हाला आमची पोरं तुमच्या पोरांशेजारी बसायला नकोत, सरळ बोला ना!" तो म्हणाला, "मी असं कुठे म्हटलं?" ती म्हणाली, "म्हणायला कशाला हवं, काढलंय की इथे पेनाने!" मग पिवळे ओरडले, निळे ओरडले, लायब्ररीवाल्या बाईंनी टेबलावरची घंटा वाजवली. सगळे एका क्षणात गप्प. लहानपणीची सवय.

तेव्हा मी उठले. म्हटलं, बाबांनो, हॅचर रोडच्या मधोमध रेघ मारा. पूर्वेची घरं नव्या शाळेला, पश्चिमेची जुन्या शाळेला.

तुला सांगते का ते. आमच्या बसचं दार उजवीकडे. मोठ्या रस्त्यावर पोराने कधी रस्ता ओलांडायचा नाही, हा आमचा पहिला नियम. दाराकडच्या बाजूची पोरं तेवढी उचलायची. म्हणजे हॅचर रोड मी रोज दोनदा चालवायची, उत्तरेला जाताना पूर्वेची पोरं, दक्षिणेला येताना पश्चिमेची. एकतीस वर्षांत त्या रस्त्यावर एकाही पोराला मी ओलांडू दिलं नाही. रस्ता चौपदरी झाला तरी सिग्नल आला नाही, आणि माझं एकही पोर खरचटलं नाही. माझ्यासाठी तो एक रस्ता नाहीच मुळी, दोन आहेत. दोन रस्ते, दोन शाळा, सरळ हिशेब.

ओक्स टाळ्या वाजवत म्हणाला, "व्हर्नाताई, अशी स्वच्छ रेघ आम्हाला सुचली नाही." खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. आकडेही जुळले. जुन्या शाळेतले सहा ट्रेलर तरी हलतील.

आणि आनंदाची बातमी: तुझं जुनं घर, ग्रॅडी राहतो ते, पूर्वेला, म्हणजे आपली टॅन्सी नव्या शाळेत! चित्रकलेची वेगळी खोली, मोठं जेवणघर. ग्रॅडीला कळवलं. तो म्हणाला, "छान, आत्या." एवढंच. बाप्ये कधी नीट आनंद करत नाहीत.

२१ मे रोजी मंडळापुढे सुनावणी, त्यानंतर शिक्कामोर्तब.

तुझी,
गर्विष्ठ व्हर्ना


पोर्ट हार्लन, ९ मार्च

प्रिय व्हर्ना,

अभिनंदन. रेघ छान आहे.

म्हणजे आता हे पक्कं का? २१ मेला मंडळ बदल करू शकतं का, की नुसतं हो म्हणतं? मला या गोष्टी कळत नाहीत म्हणून विचारते. मला वाटतं तू आता त्यात हात घालू नकोस. एवढ्या कष्टाने जमवलंयस, पुन्हा उकरून काढलं तर सगळे तुझ्याच अंगावर येतील. आहे तशी राहू दे.

इथे सगळं ठीक. मागच्या खोलीतलं लाइलचं सामान आवरतेय. भिंत पिवळी करावी म्हणतेय. पाऊस थांबला की खिडकीतून समुद्राचा एक तुकडा दिसतो त्या खोलीतून, लहान माणसाला आवडेल असा. उगाच आपलं.

गुडघा दुखतो म्हणून आज थोडंच लिहिते. (गुडघ्याने लिहीत नाही, माहीत आहे.)

प्रेमाने,
आर्डिथ


बेल्डन काउंटी, ६ एप्रिल

प्रिय आर्डिथ,

मागच्या मंगळवारी नव्या मार्गाला किती वेळ लागतो ते मोजायला मी पहाटेच निघाले, माझ्या जुन्या गाडीतून, मांडीवर घड्याळ. पावणेसहाला हॅचर रोडवर होते. बरंच काही बघितलं. ते पुन्हा कधीतरी सांगेन.

तुझ्याकडे टॅन्सीची काही खबर? ग्रॅडीचा फोन येतो का? मला वाटतं मी या पोराशी हल्ली पुरेसं बोलले नाही. तो ‘छान’ म्हणाला की मी ‘छान’ समजते.

सुनावणीला अजून दीड महिना आहे. तुला काही सांगावंसं वाटलं तर सांग. मी रागावत नाही. म्हणजे रागावते, पण नंतर ठीक होते, तुला माहीत आहे.

दारापुढचं डॉगवूडचं झाड फुललंय. ड्युईने लावलेलं.

तुझी,
व्हर्ना


बेल्डन काउंटी, २७ एप्रिल

प्रिय आर्डिथ,

तुझं पत्र नाही. तीन आठवडे झाले.

गुडघा जास्तच बिघडला का? की मी काही वेडंवाकडं लिहिलं? आपण भांडलोय तेव्हासुद्धा तू दोन आठवड्यांच्या वर गप्प बसलेली नाहीस. ड्युईच्या दफनाला मी निळा ड्रेस घातला म्हणून तू माझ्याशी बोलत नव्हतीस, तेव्हाही बाराव्या दिवशी वाटीभर पुडिंग घेऊन आलीस.

मी वाट बघतेय.

व्हर्ना


पोर्ट हार्लन, ५ मे

व्हर्ना,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा चुलीत घातलं. हे पाचवं. वाचून संपल्यावर तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. नाही, चालणार नाही, पण मी तक्रार करणार नाही.

ग्रॅडी तुझ्याशी खोटं बोलला. त्याला दिवसपाळी मिळालेली नाही, अजून पहाटपाळीच आहे. तो पहाटे साडेपाचला कारखान्यात जायला निघतो. सप्टेंबरपासून टॅन्सी रोज पावणेसहाला रस्ता ओलांडून लूपेच्या घरी जाते. लूपेची आई, मारिसेला तिचं नाव, ती तिला न्यायला येते. तिथेच टॅन्सी दात घासते, मारिसेला तिची वेणी घालते, नाश्ता तिथेच, आणि सातच्या आत दोघी पोरी एकत्र पश्चिमेच्या थांब्यावरून बसमध्ये चढतात. त्यांना बसमध्ये बसवून मारिसेला स्वतः कामाला निघते. ग्रॅडीला हे कुणाला सांगायची लाज वाटते. बायको गेली आणि पोरीला नाश्ताही शेजारी देतात, असं लोक म्हणतील म्हणून. हे मला टॅन्सीनेच फोनवर सांगितलं.

आता तुझी रेघ. टॅन्सी पूर्वेची. तिची बस तिच्या बाजूला साडेसातनंतर येणार, वेगळ्या शाळेची. मारिसेला सातला निघून गेलेली असणार. म्हणजे सात वर्षांची पोर त्या चौपदरी रस्त्याच्या कडेला एकटी, अर्धा-पाऊण तास. ग्रॅडीने पाळी बदलून मागितली, दिली नाही. तुझी रेघ जाहीर झाली त्याच आठवड्यात त्याने मला फोन केला. म्हणाला, "आई, मला नाही जमणार. वर्षभर टॅन्सीला तुझ्याकडे ठेवशील? आत्याला सांगू नकोस, तिने एवढी मेहनत घेतलीय."

तू मला विचारलंस तेव्हा मला हे सगळं माहीत होतं. एक ओळ लिहिली असती तर तू दुसऱ्या दिवशी कमिटीत जाऊन टेबल उलटं केलं असतंस. मी नाही लिहिलं. ग्रॅडीने शपथ घातली म्हणून, असं मी स्वतःला सांगत राहिले. ते खोटं आहे. मला ती रेघ हवी होती, व्हर्ना. ती रेघ राहिली तर टॅन्सी माझ्याकडे येणार होती. म्हणून मी तुला लिहिलं की उकरून काढू नकोस.

मी म्हणू शकले असते, ‘ग्रॅडी, मी येते तिथे, मी सकाळी असेन घरात.’ मला सुचलं नाही असं नाही. सुचलं आणि मी ते बाजूला सारलं. मला पोर माझ्या घरात हवी होती, माझ्या टेबलाशी. या घरात माझ्याशी कुणी बोलत नाही गं. दोन वर्षं मी ‘सगळं ठीक’ असं लिहितेय तुला.

मागच्या रविवारी टॅन्सीने फोनवर विचारलं, "आजी, तुझ्याकडच्या शाळेत मी कुणाशेजारी बसू?" मी म्हटलं, नव्या मैत्रिणी मिळतील. जी पोर ओरडल्याशिवाय बोलत नाही ती गप्प बसली. मी फोन ठेवला आणि स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता येत नाही.

अजून सोळा दिवस आहेत. तुला वाटेल ते कर. हे पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं असेल तर तेही कर.

आर्डिथ


बेल्डन काउंटी, २३ मे

माझ्या आर्डिथ,

आधी निकाल सांगते, नाहीतर तू अर्धं पत्र उलटून शेवट बघशील. रेघ हलली. मंडळाची मतं चार विरुद्ध तीन. टॅन्सी आणि लूपे दोघी नव्या शाळेत, एका बसमध्ये. टॅन्सी इथेच राहतेय. म्हणजे ती तुझ्याकडे येत नाही. हे सरळ लिहिते कारण तूही सरळ लिहिलंस.

आता बाकीचं.

त्या मंगळवारी पहाटे मी हॅचर रोडवर गाडी लावून बसले होते. अंधुक उजेड. बघते तर तुझ्या जुन्या घराचं दार उघडलं, टॅन्सी बाहेर आली, अंगात झोपायचे कपडे, हातात बूट. आणि पश्चिमेकडून एक बाई स्वयंपाकघरातलं फडकं हवेत फिरवत भर रस्त्यात उभी राहिली. कोंबड्यांचा ट्रक थांबला! खरोखर थांबला. ती टॅन्सीचा हात धरून आरामात पलीकडे घेऊन गेली, जाताना ट्रकवाल्याला मान हलवून ‘जा आता’ म्हणाली. एकतीस वर्षं मी एका पोराला तो रस्ता ओलांडू दिला नाही, आणि इथे माझ्याच भावाची नात रोज ओलांडत होती, कारण तिचं माणूस पलीकडे होतं.

मी जाऊन दार वाजवलं. मारिसेलाने मला ओळखलं नाही, पण खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि टॅन्सीची वेणी घालता घालता सगळं सांगितलं. मी म्हटलं, "पैसे देतो का ग्रॅडी?" ती म्हणाली, "कसले पैसे? तीन वेण्या घालते, चौथी घालायला काय लागतं?" तिला तीन मुली आहेत.

तिथून तडक कारखान्याच्या फाटकावर गेले आणि ग्रॅडीला सुट्टीत गाठलं. आधी झापलं, मग जवळ घेतलं. तो बाप्या रडला गं, पांढऱ्या टोपीत, सगळ्यांसमोर. म्हणाला, "आत्या, आईला माहीत आहे."

म्हणजे ६ एप्रिलला मी तुला लिहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. तू मला का सांगितलं नाहीस, तेही कळलं होतं. ‘लहान माणसाला आवडेल असा’ समुद्राचा तुकडा, पिवळी भिंत! आर्डिथ, तुला लपवता येत नाही. मी रागावले होते. दोन दिवस भांडी आपटली. मग मला आठवलं की तू दोन वर्षं ‘सगळं ठीक’ लिहीत होतीस, आणि मीही ते वाचून खुशाल घडी घालून ठेवत होते. ग्रॅडीच्या ‘छान’सारखंच.

नकाशा मी तसाही बदलणार होते. त्यासाठी मला तुझं पत्र नको होतं. मला माझ्यासाठी हवं होतं. पाच आठवडे मी रोज फाटकावरच्या टपालपेटीकडे जात होते. आलं तेव्हा पेटीपाशीच उभी राहून वाचलं आणि म्हटलं, आली बाई माझी. वाचून कुणाला दाखवलं नाही. ते माझं पत्र आहे.

सुनावणी मोठ्या शाळेच्या व्यायामशाळेत. चारशे माणसं, अर्धी पिवळी, अर्धी निळी. प्रत्येकाला तीन मिनिटं, मग भोंगा. माझा नंबर सतरावा. मी म्हटलं:

"ही रेघ मी काढली. चुकीची आहे. मी ती बसच्या सीटवर बसून काढली. ड्रायव्हरला रस्त्याची एक बाजू दिसते, दाराकडची. तिथल्या पोरांची मी पोटच्या पोरांसारखी काळजी घेतली, पण समोरासमोरच्या घरांत काय चालतं ते मला कधी दिसलं नाही. हॅचर रोडवर लोक एकमेकांची पोरं सांभाळतात. तुम्हाला वाटतं तिथे दोन वस्त्या आहेत. मलाही वाटायचं. एकच आहे. पश्चिमेची रांगही नव्या शाळेला द्या, अडतीस पोरं आहेत."

ओक्स मागून ओरडला, "मग नवी शाळा पहिल्याच दिवशी भरेल! फॉक्स हॉलोत अजून घरं येणार आहेत, त्यांचं काय?"

मी म्हटलं, "ती घरं अजून बांधलेली नाहीत, ब्रँटली. न बांधलेल्या घरातली न जन्मलेली पोरं जुन्या शाळेत जातील. तिथे आता जागा होतेय."

व्यायामशाळा हसली, निळेही आणि काही पिवळेसुद्धा. ओक्स म्हणाला, "फेब्रुवारीत तर तुम्हीच म्हणाला होता स्वच्छ रेघ!" मी म्हटलं, "मी नाही म्हटलं, तू म्हणालास. आणि मला ते ऐकून बरं वाटलं, हीच माझी चूक." तेवढ्यात भोंगा वाजला.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. माझ्याच चर्चमधल्या दोघी आता माझ्या बाकावर बसत नाहीत. पार्किंगमध्ये एकजण म्हणाला, भाड्याच्या घरांतल्या ‘त्या लोकांसाठी’ तू आम्हाला विकलंस. मी म्हटलं, ‘त्या लोकांनी’ माझ्या नातीची वेणी घातलीय आठ महिने, तू कुणाची घातलीस?

नव्या शाळेची बस पश्चिमेची रांग सातच्या आत घेईल, मार्ग मी स्वतः बसून आखून दिला. रस्त्यावर सिग्नल मागायचा अर्जही केलाय, त्यावर पहिली सही मारिसेलाची.

आता तू. ‘ठीक’ लिहायचं नाही. खरं लिही.

तुझीच,
व्हर्ना


पोर्ट हार्लन, ८ जून

प्रिय व्हर्ना,

खरं लिहिते. पहिली ओळ वाचली तेव्हा रडले. ती हलली म्हणून आनंद झाला की ती येत नाही म्हणून वाईट वाटलं, मला अजून सांगता येत नाही. दोन्ही असेल. मग तुझी न जन्मलेली पोरं वाचून एकटीच मोठ्याने हसले. शेजारचा कुत्रा भुंकला.

ग्रॅडीने फोन केला. टॅन्सीने नाही, ग्रॅडीने स्वतः. बराच वेळ दोघंही नुसते ‘हं’ म्हणत होतो. मग तो म्हणाला, "आई, तू एकटी आहेस हे का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तू सकाळी कुणी नसतं हे का नाही सांगितलंस?" मग तो म्हणाला, "आपण दोघंही बाबांच्या वळणावर गेलोय का?" मी म्हटलं, ड्युई निदान हरवला की विचारायचा तरी. तो हसला. पुष्कळ दिवसांनी ऐकला त्याचा हसण्याचा आवाज, आणि मला तो नीट ऐकू आला.

मग टॅन्सी फोनवर आली. ओरडली, "आजी, नव्या शाळेत जेवण पावणेबाराला!" मी विचारलं, मग तू बसशील कुणाशेजारी? ती म्हणाली, "असं काय विचारतेस? लूपेशेजारी." जणू हा प्रश्न जगात फक्त म्हाताऱ्यांनाच पडतो.

व्हर्ना, मला तिची गरज होती, तिला माझी नव्हती. तिच्याकडे सगळं होतं. मी ते मोडून माझ्याकडे आणायला निघाले होते आणि त्याला प्रेम म्हणत होते. प्रेम होतंच म्हणा. पण तू वेळेवर पेटीपाशी उभी राहिलीस म्हणून वाचले.

ती जुलैत दोन आठवडे येतेय. मी जपून विचारलं, तुला इथे एकटं वाटणार नाही ना? तर म्हणाली, "एकटं कसं वाटेल? लूपे पण येतेय." मला विचारलं नाही, सांगितलं. मारिसेलाने होकार दिलाय, ग्रॅडीने दिलाय, तिकिटं बघून झालीत, माझ्याच घरी कोण येणार हे सगळ्या बेल्डन काउंटीला माझ्या आधी माहीत.

मी हो म्हटलं. आता मला मारिसेलाकडून मक्याच्या पोळ्यांची कृती लिहून घेऊन पाठव, लवकर.

तुझी,
आर्डिथ